मालगुंडच्या किनाऱ्यावर यंत्र का बोंबललं: तुमच्या एका ताऱ्याला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार.

तुम्ही ऑनलाइन अभिप्रायात आमच्या दुकानाला एक तारा दिलात. आमच्याकडून नेलेलं धातू शोधायचं यंत्र (मेटल डिटेक्टर) रत्नागिरीजवळच्या मालगुंडच्या किनाऱ्यावर पाण्याजवळ नेताच सारखं बीप करत सुटलं, दोन दिवसांत बाटल्यांची बुचं आणि कोल्ड्रिंकच्या कॅनच्या रिंगा सोडून काही निघालं नाही, तुम्ही मुद्दाम पुरलेलं रुपयाचं नाणंसुद्धा त्याला धड ओळखता आलं नाही आणि मुलगी कंटाळून बसली, असं तुम्ही लिहिलंय. शिवाय लांबून सोनं दाखवणारं यंत्र मागितलं तर मी ते न देता कायदा ऐकवत बसलो, हीही तक्रार आहे.

किनाऱ्यावर जे झालं त्यात चूक माझी आहे.

तुम्ही आलात तेव्हा गल्ल्यावर मीच होतो. बोलता बोलता गडाच्या पायथ्याशी यंत्र फिरवण्याचा विषय निघाला, मी त्यातच गुंतलो, आणि तुम्ही सुट्टीत कोकणात चाललात हे माझ्या कानावरून गेलं. तुम्ही बजेट सांगितलंत, मी त्या बजेटमधलं चांगलं यंत्र काढून दिलं. पहिला डिटेक्टर घेणाऱ्याला ‘कुठल्या जमिनीवर फिरवणार?’ हे पैशांच्या आधी विचारायला हवं. मी ते विचारलं नाही.

तुम्हाला दिलेलं यंत्र एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतं. त्याची कॉइल, म्हणजे खालची तबकडी, जमिनीत चुंबकीय लहर सोडते, धातूच्या तुकड्यात त्यामुळे बारीक विद्युतप्रवाह उठतात आणि त्यांचा प्रतिसाद यंत्र टिपतं. शेतात, मैदानात, कोरड्या वाळूत हे छान चालतं. पण खाऱ्या पाण्याने भिजलेली वाळू स्वतःच वीज वाहून नेते, त्यामुळे यंत्राला अख्खा किनाराच धातूसारखा भासतो. त्यात रत्नागिरीच्या त्या पट्ट्यात, काळबादेवी, नेवरे, मालगुंडकडे, वाळूत काळे थर असतात. ते इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटसारखी लोहयुक्त खनिजं आहेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून वाळूतून ओढा, पिशवीला काळी लव चिकटून येईल. मिठाचा परिणाम एका तऱ्हेचा आणि काळ्या वाळूचा दुसऱ्या तऱ्हेचा. एका फ्रिक्वेन्सीच्या यंत्राचा ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा स्वतःचा आवाज दाबणारी सोय, एकाला शांत करतो तेव्हा दुसरं ओरडायला लागतं. तुमचं यंत्र बिघडलेलं नव्हतं. ते त्या जागेसाठी नव्हतं, आणि ते मी तुम्हाला सांगायला हवं होतं.

ओल्या वाळूवर फिरायचं तर एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं यंत्र हवं. पूर्वी ही सोय फक्त महागड्या यंत्रांत असायची. २०१९ नंतर ती नवशिक्यांच्या यंत्रांतही मिळू लागली. पल्स इंडक्शन नावाचा आणखी एक प्रकार आहे. मीठ आणि काळी वाळू तो उत्तम सोसतो, पण लोखंड आणि सोनं यांतला फरक त्याला फारसा कळत नाही, म्हणून प्रत्येक खिळ्यासाठी खड्डा खणावा लागतो. मुलीला घेऊन पहिल्यांदा जाणाऱ्याला मी तो देणार नाही. घाटावरसुद्धा जमिनीचा प्रश्न सुटत नाही. आपला काळा कातळ आणि काळी माती यांत लोहखनिज भरपूर, कोकणातल्या जांभ्यात तर विचारूच नका. परदेशी व्हिडिओत ३० सेंटिमीटरवर नाणं लागतं म्हणून इथेही लागेल असं धरू नका. नाण्याएवढी वस्तू आपल्याकडे १५ ते २० सेंटिमीटरवर मिळाली तर यंत्र चांगलं चाललंय म्हणायचं.

आता त्या रुपयाबद्दल. १९९२ पासूनचं एक रुपयाचं नाणं स्टेनलेस स्टीलचं आहे, लोहचुंबकाला चिकटतं. यंत्रातलं ‘नाणी’ हे सेटिंग परदेशातल्या तांब्या-चांदीच्या नाण्यांसाठी बनवलेलं असतं आणि ते लोखंड गप्प करतं. म्हणजे आपला रुपया त्यात खिळ्याबरोबर गप्प होतो, नाहीतर पडद्यावरचा धातूचा अंदाज देणारा आकडा नाचत राहतो. तुमची सुट्टी ज्यात गेली ती ही गोष्ट पुस्तिकेत नाही, आणि मीही सांगितली नाही. पिवळं ५ रुपयांचं नाणं पुरून पाहा, स्थिर आकडा येईल. घरामागे जागा असेल तर ५, १० आणि १५ सेंटिमीटरवर वेगवेगळ्या वस्तू पुरा: एक खिळा, एक बूच, एक रिंग, एक जुनी पितळी चावी. प्रत्येकावर चिठ्ठी लावा आणि आठवडाभर मुलीला नुसता आवाज ओळखू द्या. कान तयार होतात ते असेच.

कॅनच्या रिंगांचं मात्र कुठलंही यंत्र पूर्ण समाधान देणार नाही. ॲल्युमिनियमची रिंग आणि सोन्याची अंगठी बऱ्याचदा एकाच आकड्यावर बोलतात. रिंगा गाळल्या तर अंगठीही गाळली जाते. महागड्या यंत्रातही हे असंच आहे, तेव्हा जास्त पैसे भरल्यावर कचरा लागणार नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

लांबून सोनं दाखवणारं यंत्र मी ठेवत नाही आणि ठेवणार नाही. हातात मूठ, पुढे फिरती अँटेना आणि अमुक मीटरवर सोनं आहे असा दावा, अशा वस्तूमागे मला माहीत असलेलं कुठलंही विज्ञान नाही. अशीच अँटेनाची वस्तू बॉम्ब शोधते म्हणून इराकच्या तपासणी नाक्यांसाठी विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिक या ब्रिटिश माणसाला २०१३ साली लंडनच्या न्यायालयाने १० वर्षांची शिक्षा दिली. त्याची कल्पना हरवलेले गोल्फचे चेंडू शोधण्याच्या एका खेळण्यावरून आलेली होती. तुम्ही त्यासाठी आणलेले पैसे मी परत खिशात घालायला लावले, त्याचा राग आला असेल. तरी उद्या पुन्हा आलात तरी तेच करीन.

कायद्याचं मी रुक्षपणे बोललो, ते आता नीट सांगतो. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खोदता येत नाही, आणि १०० वर्षांपूर्वीचं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं. मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या परिसरात लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन शेतं खणत होते, ते तुम्हीही मोबाइलवर पाहिलं असेल. मला ते बघवलं नाही. एखादी शिवराई, म्हणजे शिवकालीन तांब्याचं नाणं, कुठल्या थरात, कशाशेजारी पडली होती हे ती उपटल्यावर कायमचं जातं. मग उरतो तांब्याचा तुकडा. म्हणून गडाचं नाव काढणाऱ्या प्रत्येकाला मी थांबवतो. स्वतःचं शेत, मालकाने परवानगी दिलेली जागा, ग्रामपंचायतीला विचारून किनाऱ्यावरची कोरडी वाळू, हरवलेली अंगठी किंवा चावी शोधून देणं, यात या छंदाचा आनंद भरपूर आहे.

आता व्यवहाराचं. यंत्र घेऊन या, वापरलेलं असलं तरी पूर्ण किमतीला परत घेतो. पैसे हवे असतील तर पैसे देतो. अनेक फ्रिक्वेन्सीचं हवं असेल तर फक्त वरचा फरक भरा, पण त्याआधी माझ्याकडचं डेमोचं यंत्र पुढच्या कोकणफेरीत वापरून पाहा, भाडं नाही. बिल हरवलं असेल तर काळजी नको, वहीत नोंद आहे. चार्जर आणि कॉइलचं कव्हर तेवढं आठवणीने आणा. रविवारी सकाळी आलात तर मुलीलाही आणा. दुकानामागच्या मोकळ्या जागेत मी सहा वस्तू पुरून ठेवतो, त्या तिने शोधायच्या. सोमवारी दुकान बंद असतं.