एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद?

'लिव्हरचं लपवलेलं सत्य' सांगणारा एक लांबलचक मेसेज फिरत फिरत माझ्या मामेभावाकडे आला. त्याला हिपॅटायटिस बी आहे, सिरॉसिसची (लिव्हरवर व्रण साचून ते कडक होण्याची) सुरुवात झालेली आहे, आणि तो रोज टेनोफोविर ही विषाणूला रोखणारी गोळी घेतो. "मग बंद करू का गोळी?" असं त्याने विचारलं, म्हणून हे लिहितोय. एरवी असल्या मजकुराच्या वाटेला गेलो नसतो.

मेसेजचं म्हणणं असं: गोळ्यांनी विषाणू मरत नाही, म्हणून त्या निरुपयोगी. एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) नॉर्मल आलं की बंद करा, नाहीतर गोळ्यांनीच लिव्हर सडेल. काढ्याने आजार मुळासकट जातो. रुग्णाचं ताट वेगळं ठेवा.

यातलं सगळ्यात घातक, गोळी बंद करण्याचं. अहो, एसजीपीटी नॉर्मल आलंय ते गोळी चालू आहे म्हणून! या विषाणूचा डीएनए यकृतपेशीच्या केंद्रकात ठाण मांडून बसतो. गोळी त्याला हात लावत नाही, त्याच्या नव्या प्रती निघणं रोखते. ती अचानक सोडली की प्रती पुन्हा निघू लागतात, कधीकधी इतक्या की शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या यकृतावर तुटून पडते. धडधाकट लिव्हर ते सोसेलही. सिरॉसिस झालेलं निकामी होऊ शकतं, माणूस दगावू शकतो. टेनोफोविर आणि त्याच कामाच्या एन्टेकॅविरच्या माहितीपत्रकात हा इशारा ठळक चौकटीत असतो. काही निवडक रुग्णांची गोळी डॉक्टर थांबवतात, पण व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) पाहून, आणि पुढे वारंवार तपासण्या करत.

विषाणू पुरता जात नाही हे बहुतेकांच्या बाबतीत खरं. पण म्हणून गोळी निरुपयोगी? 2004 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये 651 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. सगळे सिरॉसिस झालेले किंवा त्याच्या उंबरठ्यावरचे. लॅमिव्ह्युडिन ही अशीच विषाणूला रोखणारी गोळी घेणाऱ्यांपैकी 7.8 टक्के जणांचा आजार बळावला, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी 17.7 टक्के जणांचा. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. आणि लॅमिव्ह्युडिन हे तर जुनं औषध. विषाणू त्याला लवकर दाद देईनासा होतो. टेनोफोविरवर पाच वर्षं काढलेल्या, आधी सिरॉसिस असलेल्या 96 जणांची पुन्हा बायॉप्सी (लिव्हरचा छोटा तुकडा काढून तपासणी) केली, तेव्हा 71 जणांत सिरॉसिस उरला नव्हता. हे 2013 च्या 'लॅन्सेट'मध्ये आहे. लिव्हर सडतं म्हणणाऱ्याने हा आकडा वाचावा.

बरं, टेनोफोविरच्या जुन्या प्रकाराने काहींच्या मूत्रपिंडावर आणि हाडांवर परिणाम होतो, हे मान्य. म्हणूनच क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला घटक) तपासतात, गरज पडली तर औषध बदलतात.

काढ्याबद्दल फार लिहीत नाही. प्रौढपणी नव्याने झालेला हिपॅटायटिस बी दहातल्या नऊहून अधिक जणांत आपोआप बरा होतो. त्या काळात जे प्यायलं त्याला श्रेय मिळतं. शिवाय मेसेजात 'तीन महिन्यांत बरे झालेले' म्हणून जे रुग्ण दिलेत ते हिपॅटायटिस सीचे आहेत. तो वेगळाच विषाणू, आणि तो 8 ते 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी जातो. काढ्याने नव्हे.

राहिलं ताट. हा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. एकत्र जेवल्याने नाही. मामींनी मात्र मेसेज वाचल्या दिवशीच त्याची भांडी वेगळी काढली, आणि घरात त्याच्या बायकोची एचबीएसएजी चाचणी (हिपॅटायटिस बीची लागण आहे का ते सांगणारी रक्तचाचणी) अजून कोणी केलेली नाही. ती आधी करा, निगेटिव्ह आली आणि लस झालेली नसेल तर ती द्या. ताटं परत एकत्र ठेवा.