गोड रक्ताचं काय घेऊन बसलात!

‘रक्त गोड असलं की डास जास्त चावतात’ हे तुमच्या डासांवरच्या लेखात परत वाचून राहवलं नाही. अहो, डास चावायच्या आधी रक्ताची चव घेणार कुठून? त्याला (खरं तर तिला, चावते ती मादीच) आधी पोचतो तो उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि त्वचेवरून उडणारी रसायनं.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात लेस्ली वॉसहॉल यांच्या चमूने यावर झकास प्रयोग केला, 2022 मध्ये तो ‘सेल’ या विज्ञान नियतकालिकात आला. 64 जणांना पायात घालायचे नायलॉनचे स्टॉकिंग चक्क हातावर चढवायला लावले. मग दोघादोघांच्या कापडाचे तुकडे समोरासमोर ठेवून एडिस इजिप्ती जातीचे डास सोडले, म्हणजे आपल्याकडे डेंग्यू पसरवणारेच. सगळ्यात आवडत्या माणसाचा वास सगळ्यात नावडत्यापेक्षा शंभरपट ओढणारा निघाला! कारण काय, तर डासांच्या लाडक्या मंडळींच्या त्वचेवर कार्बोक्सिलिक आम्लं जास्त होती. ही त्वचेच्या तेलकट थरातून येतात, तिथले जिवाणूही त्याला हातभार लावतात. आणि हा फरक वर्षभरानंतरही तसाच टिकून होता. म्हणजे साबण बदलून, कडुलिंब खाऊन फार काही साधेल असं मला तरी वाटत नाही.

लेखातला लसणाचा उपाय तर सोडूनच द्या. त्याने डास जावोत न जावोत, शेजारी बसलेला माणूस मात्र नक्की उठून जाईल. मच्छरदाणी लावा, कूलरमधलं पाणी आठवड्याला ओता.