नटाने लिहू नये म्हणे!

आज तालमीला डोकं फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे जा.

आमच्या ग्रुपमधली एक मुलगी, विशीतली, कामं उत्तम करते, तिने आज स्वतः लिहिलेली एकांकिका वाचून दाखवली. अवकाशातली गोष्ट. स्टेशनवर एकटी उरलेली बाई आणि तिच्याशी बोलणारं मशीन, जे हळूहळू तिच्या आईसारखं बोलायला लागतं. कच्चं होतं, मधे पसरट झालेलं, पण दोन जागी माझ्या अंगावर काटा आला. वाचून झालं आणि आमच्याकडे अधूनमधून येणारे एक सीनियर सर, नाव घेत नाही, ते म्हणाले, "बाळा, तू नटी आहेस, नटीसारखी राहा. लिहिणं हे वेगळ्यांचं काम. आणि हे यान-बिन, एलियन-बिलियन बालनाट्यात ठीक असतं." आणि वर उदाहरण कोणाचं दिलं असेल? "तो शेरलॉकमधला मायक्रॉफ्ट बघ, मार्क गेटिस. त्याला म्हणतात नट. तो काय लिहीत बसतो का?"

अहो सर. तो लिहीतच बसतो! ज्यात तो शेरलॉक होम्सचा भाऊ मायक्रॉफ्ट करतो ती शेरलॉक मालिकाच त्याने आणि स्टीव्हन मॉफटने मिळून उभी केलीय. दोघंही डॉक्टर हू नावाच्या सायन्स फिक्शन मालिकेसाठी लिहायचे, त्या कामासाठी ट्रेनने कार्डिफला जायचे, आणि त्या ट्रेनमधल्या गप्पांतून शेरलॉक निघाली. म्हणजे तुमचा आवडता मायक्रॉफ्ट त्या यान-बिनवाल्यांच्या डब्यातच जन्मलाय.

मी तिथे बोलले, पण अर्धंच बोलले कारण हॉलचे तास संपत होते. उरलेलं इथे.

हे वाक्य मला इतकं का लागतं ते माझ्या जवळच्यांना माहितीये. कॉलेजात असताना मी एक एकांकिका लिहिली होती. माझे आजोबा कोयनेच्या कामावर होते, बोगद्याच्या गोष्टी त्यांच्याकडून ऐकत मोठी झाले, तर त्यातून ती सुचलेली. बोगद्यात खडक फोडणारे दोन कामगार, आणि त्यांच्या लक्षात येतं की आपण ठोका मारायच्या आधीच पलीकडून त्याचा प्रतिध्वनी येतोय. आधी प्रतिध्वनी, मग ठोका. बस एवढंच. मीच लिहिली, मीच त्यातला एक कामगार केला, डोक्याला फडकं बांधून. स्पर्धेनंतर एका परीक्षकांनी मला बाजूला घेऊन अगदी मायेने सांगितलं, "अभिनय छान आहे तुझा, लिखाणाच्या भानगडीत पडू नकोस, आणि असले विषय मुलांसाठी असतात." मायेने सांगितलेलं जास्त लागतं. रागावून सांगितलं असतं तर भांडले तरी असते.

असो. गेटिसकडे येते.

हा माणूस 1966 चा, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या काउंटी डरममधला. लहानपणी घरासमोर मनोरुग्णालय, आई-वडील तिथेच कामाला. टीव्हीवर डॉक्टर हू बघत आणि भुताच्या गोष्टी वाचत वाढलेलं पोरगं. ज्यांना ही मालिका माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बीबीसीवर 23 नोव्हेंबर 1963 ला सुरू झाली, निळ्या पोलीस बॉक्समधून, म्हणजे रस्त्यावरच्या पोलिसांच्या फोनच्या खोक्यातून, काळात फिरणारा 'डॉक्टर' नावाचा एक प्रवासी, आणि नट बदलायचा झाला की ते पात्रच नवं शरीर घेतं, त्यामुळे मालिका मरत नाही. पण 1989 ला तीही मेली. बीबीसीने थांबवली. आणि आता लक्ष देऊन वाचा, मालिका बंद पडल्यावर 1992 साली या गेटिसने तिच्यावर कादंबरी लिहिली, नाइटशेड नावाची. पंचविशीतला नट, ज्याला अजून कोणी ओळखत नाही, बंद पडलेल्या मालिकेच्या पात्रांना घेऊन कादंबरी लिहितोय! पुढे त्याच मालिकेवर अजून लिहिल्या. टीव्हीवर परत येईल याची कोणी हमी दिली होती का? त्याला ती गोष्ट आवडत होती आणि तो लिहीत राहिला, इतकंच.

दरम्यान कॉलेजच्या दिवसांतल्या मित्रांबरोबर, स्टीव्ह पेंबरटन, रीस शिअरस्मिथ आणि लिहिणारा जेरेमी डायसन, यांनी लीग ऑफ जंटलमेन हा विनोदी ग्रुप सुरू केला. आधी स्टेज, 1997 ला एडिनबरा फ्रिंज या नाट्यमहोत्सवात विनोदासाठीचं पेरिए अवॉर्ड, मग रेडिओ, मग 1999 पासून बीबीसी टू. तिघं मिळून अख्खं गाव करायचे, बायका, म्हातारे, खाटीक, सगळं, आणि लिहायचेही स्वतःच. तिथे नट कुठे संपतो आणि लेखक कुठे सुरू होतो ते सरांनी मला पट्टी लावून दाखवावं.

आता 2005 बघा. 2 एप्रिलला बीबीसी फोरने क्वाटरमास एक्सपेरिमेंट ही 1953 सालची सायन्स फिक्शन नव्याने केली, तीही लाइव्ह, चूक झाली तर झाली, रीटेक नाही, आणि त्यात हा नट म्हणून उभा होता. बरोबर एका आठवड्याने, 9 एप्रिलला, नव्याने सुरू झालेल्या डॉक्टर हूचा तिसरा भाग लागला, द अनक्वाएट डेड, लेखक मार्क गेटिस. एका आठवड्यात दोन्ही. आणि आमच्याकडे म्हणतात एक काहीतरी धर.

तो भाग तर सरांना खुर्चीत बसवून दाखवायला पाहिजे. 1869 चा कार्डिफ, ख्रिसमसची रात्र, प्रेतं उठून चालायला लागलीत कारण गॅसच्या रूपातले परग्रहवासी त्यांच्यात शिरतायत. ऐकायला कसं वाटतं, बालनाट्य ना? पण मधोमध कोण आहे तर इंग्रजी कादंबरीकार चार्ल्स डिकन्स. थकलेला, आयुष्याच्या शेवटाकडे आलेला, गावोगाव स्टेजवर स्वतःच्या गोष्टी वाचून दाखवणारा डिकन्स, ज्याला वाटतं की आता नवीन काही बघायचं उरलेलं नाही. डिकन्स खरोखर असे प्रयोग करायचा, हॉल भरायचे. आणि भूमिकेत सायमन कॅलो, ज्याने स्टेजवर डिकन्स कितीतरी वर्षं केलाय. लिहिणारा आणि स्टेजवर उभा राहणारा एकच माणूस असू शकतो, हे त्या भागात प्रेतांच्या गर्दीत डोळ्यासमोर उभं आहे. नटाने लिहिलं म्हणूनच ते सुचलं, माझं ठाम मत आहे.

नट लिहितो तेव्हा त्याला वाक्य तोंडात कसं बसेल ते कळतं. सायन्स फिक्शनमध्ये तर याची जास्तच गरज, कारण बाकी सगळं खोटं असतं, यान पुठ्ठ्याचं, राक्षस रबराचा, खरं फक्त माणसाचं बोलणं. त्याचा क्रिमसन हॉरर हा 2013 चा भाग घ्या. रेचल स्टर्लिंगबरोबर तो नाटकात काम करत होता, तिची आई डायना रिग, आणि या मायलेकी पडद्यावर एकत्र कधी आल्याच नव्हत्या. याने त्या दोघींसाठी भाग लिहिला, आई-मुलीचीच भूमिका, आणि आई अशी क्रूर की बघवत नाही. रिगबाई काय तुटून पडल्यात त्या भूमिकेवर! हे विंगेत बसून सहकलाकाराचं काम बघणाऱ्यालाच सुचतं.

किंवा 2017 चा एम्प्रेस ऑफ मार्स. शेवटी एका जुन्या परग्रहवासी पात्राचा आवाज येतो, 1970 च्या दशकात या मालिकेत येऊन गेलेलं पात्र, आणि आवाज कोणाचा तर त्याच इझॅन चर्चमन बाईंचा, तेव्हा वय वर्षं 92. मिनिटभराचं काम. दुसऱ्या कुणाचाही आवाज चालला असता. पण त्यांना शोधून, बोलावून, तोच आवाज. मी ते बघताना रडलेय, सांगायला लाज वाटत नाही.

माझ्या त्या कोयनेच्या एकांकिकेनंतर पडदा ओढणारे एक काका होते, हॉलचेच कर्मचारी. परीक्षकांचं ऐकून मी पायऱ्यांवर बसले होते तर ते चहा घेऊन आले आणि म्हणाले, "ताई, पलीकडं कोण होतं ओ?" मी म्हटलं, माहीत नाही काका. ते म्हणाले, "न्हाय, पर कोणतरी होतंच." आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. परीक्षकांना बालनाट्य वाटलं आणि रोज नाटकं बघणाऱ्या माणसाला रात्रभराचा विचार मिळाला. कोणाचं ऐकायचं होतं मी?

बरं, गेटिसला उगाच देव्हाऱ्यात बसवत नाहीये. त्याने डॉक्टर हूचे लिहिलेले नऊ भाग आहेत आणि स्लीप नो मोअर मलाही झेपला नाही, व्हिक्टरी ऑफ द डालेक्समधले ते रंगीबेरंगी डालेक, म्हणजे डॉक्टरचे जुने यंत्रासारखे शत्रू, बऱ्याच जणांना आवडले नव्हते, मान्य. आणि हो, त्याच्या पाठीशी बीबीसी होती, आपल्याला हॉलचं भाडं भरताना घाम फुटतो, तेही मान्य. पण बीबीसीने त्याला काही उचलून कडेवर घेतलं नव्हतं. त्याची सगळ्यात प्रिय कल्पना होती डॉक्टर हूचा जन्म कसा झाला यावर फिल्म करायची, मालिकेला 40 वर्षं झाली तेव्हा त्याने ती मांडली, नाही म्हणाले. त्याने दहा वर्षं ती सोडली नाही. 50 वर्षं झाली तेव्हा, नोव्हेंबर 2013 ला, ती आली. ॲन ॲडव्हेंचर इन स्पेस अँड टाइम.

हिच्याबद्दल मी शांतपणे लिहू शकत नाही पण प्रयत्न करते. पहिला डॉक्टर झालेला विल्यम हार्टनेल, तापट, म्हातारपणाकडे झुकलेला, सैनिक आणि गुंडांच्या त्याच त्या भूमिकांना कंटाळलेला नट. त्याला ही मुलांची मालिका मिळते आणि पोरं रस्त्यात त्याच्या मागे धावायला लागतात. मग तब्येत ढासळते, वाक्यं आठवेनाशी होतात, आणि 1966 ला त्याला जावं लागतं. मालिका मात्र चालू राहते, दुसऱ्या नटाला घेऊन. डेव्हिड ब्रॅडलीने काय केलंय ते. "मला जायचं नाहीये" म्हणून रडतो तो, आणि ते वाक्य नट असलेल्या माणसानेच लिहावं, कारण भूमिका हातातून जाणं म्हणजे काय हे आपल्यालाच माहीत असतं. त्यात अजून एक जण आहे, वारिस हुसेन, मालिकेच्या पहिल्या गोष्टीचा दिग्दर्शक, लखनौत जन्मलेला, तेव्हा चोविशीतला. आणि व्हेरिटी लँबर्ट, तरुण प्रोड्यूसर, बाई. गोऱ्या म्हाताऱ्यांच्या त्या बीबीसीत एक भारतीय पोरगा आणि एक तरुण बाई, दोघांनाही कुणी धड विचारत नाही, स्टुडिओ भिकार मिळालेला, आणि त्यांनी असं काही उभं केलं की साठ वर्षं होऊन गेली तरी जग बघतंय. मुलांसाठी असतं म्हणे!

आणि त्या सुरुवातीच्या वर्षांतले किती भाग आज नाहीतच माहितीये? नव्वदहून जास्त. टेप महाग म्हणून बीबीसीने पुसून परत वापरल्या. तेव्हाही कोणीतरी ऑफिसात बसून ठरवलंच असेल ना की हे काय जपून ठेवण्यासारखं नाही. हाच तो तुच्छपणा, सर, हाच. तुमच्या त्या एका "ठीक असतं" मधला.

बरं, अभिनयाचं काही बिघडलं का या लिखाणाने? 2007 ला डॉक्टर हूमध्येच त्याने प्रोफेसर लाझरस केला, मेकअपखाली सत्तरीपारचा म्हातारा, मग यंत्रातून तरुण होऊन बाहेर येणारा, मरणाला घाबरलेला माणूस. 2010 ला चंद्रावर जायची एच. जी. वेल्स या लेखकाची गोष्ट स्वतः टीव्हीसाठी लिहून त्यातला शास्त्रज्ञही स्वतःच केला. 2016 ला नॅशनल थिएटरच्या नाटकासाठी सहाय्यक भूमिकेचं ऑलिव्हिए, म्हणजे लंडनच्या रंगभूमीचं मोठं अवॉर्ड. 2024 ला जॉन गिलगुडच्या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑलिव्हिए. गिलगुड! इंग्रजी रंगभूमीवरचा तो आवाज, तो पेलला या रबरी राक्षसांच्या लेखकाने. सरांना हे अवॉर्ड माहीत होतं, म्हणूनच त्याचं नाव घेतलं त्यांनी. तिथपर्यंतचा रस्ता कुठून आला ते बघायचं नव्हतं, बस.

आपल्याकडे ही वाटणी कोणी केली मला खरंच कळत नाही. आपल्या रंगभूमीवर लिहिणारे नट काय कमी झाले? तेव्हा कोणी अडवलं नाही. पण तरुण मुलगी असेल आणि विषय चाळ, लग्न, सासू सोडून वेगळा असेल की लगेच मायेने बाजूला घेतात. सर वाईट माणूस नाहीत, त्यांनी आमच्यासाठी खूप केलंय, हेही लिहून ठेवते. तरीही आज जे बोलले ते चूक होतं आणि मी ते त्यांच्या तोंडावरही परत बोलणार आहे.

त्या मुलीला मेसेज केलाय. मधला भाग काप, मशीन पहिल्यांदा आईची लकब उचलतं तो क्षण अजून उशिरा आण, आणि ती बाई तूच कर, दुसऱ्या कोणाला देऊ नकोस. तिचा फक्त "हो ताई" आलाय, बघू.

ज्यांनी गेटिसला फक्त मायक्रॉफ्ट म्हणून बघितलंय त्यांनी आधी अनक्वाएट डेड बघा, मग क्रिमसन हॉरर, आणि ॲडव्हेंचर इन स्पेस अँड टाइम एकट्याने बघा, घरचे प्रश्न विचारतात. त्यानंतर ज्यांना अजूनही वाटतं की नटाने लिहू नये त्यांनी कमेंटमध्ये या, मी जागी आहे.