उत्तर उजवीकडे

आज डोकं फिरलंय. आधीच सांगते, पोस्ट लांबणार आहे. सकाळपासून चहाशिवाय पोटात काही नाही, त्यामुळे भाषा कुठे घसरली तर समजून घ्या.

आमची ठाण्याच्या नौपाड्यातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली हे बहुतेकांना माहीत आहे. आता निदान तीन वर्षं कोलशेतला, भाड्याच्या घरात. सामान हलवणारी माणसं आज आली. देव, भांडी, बरण्या मी स्वतः बघत होते. त्यांची दोन पोरं अण्णांच्या खोलीत शिरली, आणि माझ्या लोणच्याच्या बरण्या कागदात गुंडाळून होईपर्यंत, म्हणजे पाऊण तासात, नऊ कपाटं रिकामी. दोन हजारांवर पुस्तकं. सगळी साइजप्रमाणे भरलेली. खोक्यांवर मार्करने लिहिलेलं : ‘बडा’, ‘छोटा’, ‘फटेला’.

‘फटेला’मध्ये काय होतं सांगू? इतिहासकार राजवाड्यांची ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’. २२ खंडांपैकी अण्णांना आयुष्यभरात १४ मिळाले. त्यातला पहिला १८९८ चा, वाईत सापडलेल्या कागदांचा, पानिपतापर्यंतची पत्रं आहेत त्यात. पान उलटताना श्वास रोखावा लागतो, नाहीतर कोपरा हातात येतो. त्याच्यावर ‘फटेला’! मी त्या पोराला म्हटलं, अरे काय केलंस हे? तर म्हणतो, “आंटी, सब इतिहास ही तो है, क्या फरक पडता है?”

फरक पडतो रे बाबा.

अण्णांना ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी : माझे सासरे. कलेक्टर कचेरीत नोकरी, मोडी घडाघडा वाचायचे, आणि पगार झाला की सासूबाई त्यांना एकट्याला रद्दीच्या दुकानावरून जाऊ द्यायच्या नाहीत. त्यांनी पुस्तकं ना लेखकाप्रमाणे लावली होती, ना काळाप्रमाणे. भांडणाप्रमाणे लावली होती. ग्रँट डफने लिहिलेला मराठ्यांचा १८२६ चा इतिहास (आमच्याकडे अर्थात पुनर्मुद्रण) आणि त्याला खेटून नीलकंठराव कीर्तन्यांनी त्याच्यावर केलेली टीका. जदुनाथ सरकारांचं १९१९ चं शिवचरित्र, आणि लगेच पुण्याच्या मंडळींनी घेतलेले आक्षेप. सरदेसाई आणि शेजवलकर हे दोन इतिहासकार एकाच फळीवर, मध्ये जागा सोडलेली, “हातघाईवर आले तर असू दे” म्हणून. पेशवे दप्तराच्या, म्हणजे पेशव्यांच्या कारभारातल्या निवडून छापलेल्या कागदांच्या, ४५ पैकी जे ३१ भाग होते ते मात्र खाली, सलग, कोणाच्याच शेजारी नाहीत. कारण म्हणे साधनांना बाजू नसते. (यावर आमचं वाजायचं. निवडून छापणाऱ्याला बाजू असतेच की.)

आणि प्रत्येक पुस्तकात चिठ्ठ्या. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या कागदाच्या, पेन्सिलीने लिहिलेल्या. ‘उत्तर उजवीकडे.’ ‘हे खोटं, वरची फळी पाहा.’ ‘डावीकडच्याने हेच चोरलंय.’ पुस्तकाचं नाव नाही, पान नाही. फक्त दिशा.

आता कळलं का फरक काय पडतो?

सकाळी खोक्यांचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला तर एका चुलत दिरांचं उत्तर, “वहिनी, सगळं पीडीएफमध्ये फुकट मिळतं. हा पसारा देऊन टाका.” कुणाला देऊ? मागच्या महिन्यात एका वाचनालयात विचारून आले, जागा नाही म्हणाले. त्यांचंही खरं असेल. पीडीएफचंही खरं आहे, सरदेसायांच्या ‘रियासती’चे जुने खंड मी स्वतः टॅबवरच वाचते, अक्षर मोठं करता येतं. पण पीडीएफला उजवीकडे काय असतं? काही नसतं.

मग भाचा. त्याने लायब्ररी सायन्स केलंय, गुणी मुलगा आहे, मदत करायलाच आला होता. “मामी, ही संधी आहे, सगळ्याला ड्यूईचे, म्हणजे लायब्ररीत विषयाप्रमाणे देतात ते, नंबर देऊन टाकू, भारताचा इतिहास ९५४.” मी विचारलं, शिवचरित्र कुठे ठेवशील, ९५४ मध्ये की चरित्रं म्हणून ९२० मध्ये? गप्प. मग म्हणाला, रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं सांगितली, त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याचं आहे. अरे, पण अण्णांना वेळ वाचवायचाच नव्हता! एक पुस्तक काढायला गेलेला माणूस शेजारच्याने धरून ठेवावा, जेवायला चार हाका माराव्या लागाव्यात, त्यासाठीच तर तो सगळा खटाटोप. सार्वजनिक वाचनालयाला नंबर हवेतच, त्यावर वाद नाही. आपलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चाललंय ते काय चिठ्ठ्यांवर? पण घर म्हणजे वाचनालय नाही.

बरं. आता खरं काय ते सांगते. त्या पोरावर मी इतकी का ओरडले, ते.

१९९४ ची दिवाळी. माझ्या लग्नाला सहा महिने झालेले. मी बी.कॉम., इतिहासाशी संबंध दहावीला सुटलेला. अण्णा आठ दिवस पुण्याला गेले होते आणि मी म्हटलं, सासऱ्यांना सरप्राइज देऊ. सगळी पुस्तकं खाली काढली, पुसली, वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवल्या, आणि लावली. उंचीप्रमाणे. एका टोकाला गॅझेटियर, दुसऱ्या टोकाला पॉकेट बुकं, मधे अशी छान उतरती रेघ. मीच लांब उभी राहून चारदा बघितली.

अण्णा आले, दारात उभे राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, “छान दिसतंय हो.”

एवढंच. एक शब्द जास्त नाही. त्या रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठले तर त्यांच्या खोलीत टॉर्च चालू. लुंगी वर खोचून फरशीवर बसलेले, भोवती पुस्तकं.

तर, त्या पोराने आज पाऊण तासात केलं ते मी आठ दिवस खपून केलं होतं. त्याला निदान कारण तरी होतं. एका मापाची पुस्तकं भरली की खोकं फाटत नाही, आणि ते उचलून तीन मजले तो उतरणार होता, मी नाही. ओरडायला नको होतं. जाताना त्याला चिवडा दिला, पण तोंडातून सॉरी निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांसमोर जाऊन बसले. रडायच्याच बेतात. ते म्हणाले, “तू नाव वाचून दे, मी लावतो.” देवदिवाळी उलटून गेली तरी आम्ही लावतच होतो. मी नाव वाचायचे, ते म्हणायचे, “हा? हा त्याच्या शेजारी दे, दोघांचं पटत नाही.” का पटत नाही ते सांगायचे आणि मग लावायचं राहून जायचं. मला जो काही इतिहास येतो तो त्या दीड महिन्यातला. दाराजवळचा ठाण्याचा कप्पा तर पूर्ण माझ्याच हातचा : १८८२ चं गॅझेटियर, १७३७ ला मराठ्यांनी साष्टी घेतली ते, १७७४ ला इंग्रजांनी किल्ला घेतला ते. आणि दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ ला त्याच किल्ल्यातून निसटला ते. मोतद्दाराने, म्हणजे घोड्याच्या नोकराने, गाण्यातून निरोप पोचवला ही कथा अण्णा त्या किल्ल्यातल्या जेलवरून जाताना प्रत्येक वेळी सांगायचे, चाल लावून. रिक्षावालेसुद्धा वळून बघायचे.

नवरा आत्ता ऑफिसमधून आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “अगं, आधी कपाटांचे फोटो काढून ठेवायचे होतेस ना.”

हो. बरोबर आहे. काढायला हवे होते. प्रत्येक फळीचा एक फोटो, पाच मिनिटांचं काम. ज्यांच्याकडे असं घर आहे त्यांनी आजच काढा, आणि मला सांगू नका की तुम्ही आधीच काढलेत.

कोलशेतच्या घरात फक्त चार कपाटं मावतील. घरमालकांना भिंतीत खिळा चालत नाही, बाहेरच्या भिंतीला आत्ताच ओल आहे, आणि आयत्या मिळालेल्या प्लायच्या फळ्या इतक्या लांब की दोन पावसाळ्यांत त्यांची झोळी होणार. पाच कपाटांची पुस्तकं खोक्यांतच राहतील. कोणती, ते ठरवायचंय.

आत्ता ‘बडा’मधलं वरचं पुस्तक काढलं. ग्रँट डफ. चिठ्ठी जागेवर आहे : ‘उत्तर उजवीकडे.’ उजवीकडे सासूबाईंचं रुचिरा आहे.

कीर्तने कोणत्या खोक्यात गेले देव जाणे. रविवारी कोणी मोकळं असेल तर कोलशेतला या. पत्ता इनबॉक्समध्ये देते, पोहे माझ्याकडे. एकाने नावं वाचून द्यायची, मी लावते.