‘प्रायोगिक आहे, मग डॉक्युमेंटेशन कशाला?’ म्हणणाऱ्यांना उत्तर

ग्राफिक्स प्रोग्रामिंग करणाऱ्या मंडळींत एक मत बरीच वर्षं फिरतं आहे, आणि अधूनमधून कुणीतरी ते नव्या जोमाने शेअर करतं. मत असं, की लायब्ररीतला जो भाग अजून प्रायोगिक आहे त्याचं डॉक्युमेंटेशन लिहूच नये. त्याला कारणं साधारण पाच दिली जातात. लिहिलं की लोक वापरायला लागतात आणि मग आपले हात बांधले जातात. नावातच ‘एक्स्पेरिमेंटल’ असलं की इशारा पोचला. ज्याला खरी गरज आहे तो सोर्स, म्हणजे मूळ कोड, वाचेलच. रोज बदलणाऱ्या गोष्टीवर लिहिणं म्हणजे फुकटची हमाली. आणि शेवटचं, सगळं स्थिरावलं की एकदाच नीट लिहू.

यातल्या एका मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते पुढे येईलच. बाकीचे मुद्दे तपासून पाहिले तर टिकत नाहीत.

हात बांधले जाण्याची भीती आधी घेऊ, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. हात बांधतो तो वापर. हायरम राइट या सॉफ्टवेअर इंजिनियरच्या नावाने ओळखला जाणारा नियम हेच सांगतो: वापरणारे पुरेसे झाले की इंटरफेसचं जे जे वर्तन बाहेरून दिसतं त्यावर कुणी ना कुणी विसंबलेलं असतंच, मग तुम्ही कबूल काय केलं होतं याला काही महत्त्व उरत नाही. फंक्शन हेडरमध्ये (लायब्ररीतल्या फंक्शनांची यादी देणाऱ्या फाइलमध्ये) दिसतंय, कोड लिंक होतोय, पडद्यावर चित्र येतंय, एवढं लोकांना पुरतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

आता सविस्तर लिहून हात मोकळे राहिल्याचं उदाहरण बघा. मार्च २०२० मध्ये ख्रोनोस ग्रुप या ग्राफिक्सची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने वल्कन या आपल्या ग्राफिक्स इंटरफेससाठी रे ट्रेसिंगचं (प्रकाशकिरणांचा मागोवा घेऊन चित्र काढण्याचं) एक्स्टेन्शन, म्हणजे जोडभाग, ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरतं) म्हणून जाहीर केलं. सोबत पूर्ण स्पेसिफिकेशन होतं, प्रत्येक फंक्शनच्या अटी-शर्तींसकट. फंक्शनांची डिक्लरेशन्स मात्र मुख्य हेडरमध्ये नव्हती. ती वेगळ्या बीटा हेडरमध्ये ठेवली होती आणि बीटा एक्स्टेन्शन्सचा मॅक्रो स्वतःहून डिफाइन केल्याशिवाय ते हेडर कोडमध्ये येतच नसे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अंतिम रूप आलं तेव्हा एकाची तीन एक्स्टेन्शन्स झाली होती: ॲक्सेलरेशन स्ट्रक्चर (किरण कशाला लागतो हे झटपट शोधायची रचना), रे ट्रेसिंग पाइपलाइन आणि रे क्वेरी. ॲक्सेलरेशन स्ट्रक्चरला मेमरी जोडण्याचं स्वतंत्र फंक्शन होतं, ते काढून टाकलं. आता बफर (मेमरीचा तुकडा) तुम्हीच तयार करायचा आणि स्ट्रक्चर त्यात बसवायचं. हा बदल किरकोळ नव्हे; ज्यांनी प्रोव्हिजनल आवृत्तीवर कोड लिहिला होता त्यांना मेमरीचा भाग पुन्हा लिहावा लागला. तरीही बदल झाला, आठ महिन्यांत झाला. अंतिम स्पेसिफिकेशनच्या परिशिष्टात प्रोव्हिजनलपासून काय काय बदललं याची यादीही मिळते. आधीचं काहीच लिहिलेलं नसतं तर ती यादी कशाच्या तुलनेत करणार होते?

दुसरा मुद्दा, नावातच इशारा आहे हा. याचं उत्तर प्रत्येक ब्राउझरच्या पोटात आहे. ब्राउझरमध्ये थ्रीडी चित्र काढायच्या वेबजीएल या इंटरफेसचं पहिलं स्पेसिफिकेशन मार्च २०११ मध्ये आलं. त्या काळात ब्राउझर कॅनव्हासकडून, म्हणजे पानावरच्या चित्राच्या चौकटीकडून, कॉन्टेक्स्ट मागताना ‘एक्स्पेरिमेंटल-वेबजीएल’ हे नाव द्यायला लावत. साधं ‘वेबजीएल’ हे नाव नंतर आलं. मग ट्यूटोरियलवाल्यांनी एक ओळ रूढ केली: आधी ‘वेबजीएल’ मागा, नाही मिळालं तर ‘एक्स्पेरिमेंटल-वेबजीएल’ मागा. ती ओळ इतकी कॉपी-पेस्ट झाली की कुणी तिच्याकडे बघेनासं झालं. इंटरनेट एक्स्प्लोरर ११ ला तर फक्त ‘एक्स्पेरिमेंटल’वालंच नाव कळायचं. क्रोम आणि फायरफॉक्स आजही ते जुनं नाव गुपचूप स्वीकारतात, कारण काढलं तर कुठली जुनी पानं मोडतील याचा भरवसा नाही.

म्हणजे नावात इशारा होता आणि तो लाखो वेळा टाइप केला गेला. पण हे नाव कधी जाणार, ते असताना कशाची हमी नाही, गेल्यावर काय करायचं, हे त्या नावात मावत नाही. नाव ही पाटी झाली. पाटी रोजची झाली की नजर तिच्यावरून घसरते. वेबजीएलवाल्यांनी पुढे रीतच बदलली. मसुदा अवस्थेतली एक्स्टेन्शन्स ब्राउझरच्या सेटिंगमागे ठेवायची आणि ती कुठल्या टप्प्यावर आहेत (प्रस्ताव, मसुदा, समुदायाने मान्य केलेलं, अधिकृत) हे रजिस्ट्रीत जाहीर लिहायचं. मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टथ्रीडी १२ या ग्राफिक्स इंटरफेसमध्येही प्रायोगिक सुविधा चालू करायला वेगळं फंक्शन आहे. ते डिव्हाइस तयार करण्याआधी बोलवावं लागतं आणि विंडोजचा डेव्हलपर मोड चालू असावा लागतो. दार हवंच, पण दाराची अट लिहून ठेवली नाही तर ती कुणाच्या तरी ब्लॉगवरून कळते, आणि तिथे फक्त ‘हे चालू करा, चालतं’ एवढंच असतं.

‘सोर्स वाचेल की’ हा मुद्दा मला सगळ्यांत जास्त खटकतो. वेब सर्व्हर किंवा पार्सरच्या बाबतीत एकवेळ चालेल. ग्राफिक्समध्ये सोर्स तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगतो. उरलेली अर्धी ड्रायव्हरमध्ये आणि जीपीयूमध्ये (ग्राफिक्स चिपमध्ये) असते, आणि ती बऱ्याचदा बाहेरच्यांना बघायला मिळत नाही. बॅरियर (आधीचं काम संपेपर्यंत पुढचं थांबवणारी सूचना) विसरलेला कोड एका कार्डावर वर्षभर बिनबोभाट चालतो आणि दुसऱ्यावर पहिल्याच फ्रेमला कचरा दाखवतो. सोर्स वाचून काय कळतं? आज काय घडतं ते. त्यातलं मुद्दाम केलेलं किती आणि योगायोगाने जमलेलं किती, हे कळत नाही.

क्यूटी या ॲप्लिकेशन बांधण्याच्या फ्रेमवर्कचं उदाहरण इथे जवळून बघण्यासारखं आहे. क्यूटीच्या आत क्यूआरएचआय नावाचा थर आहे. वर एकच इंटरफेस आणि खाली वल्कन, मेटल, डायरेक्टथ्रीडी, ओपनजीएल या ग्राफिक्स इंटरफेसांपैकी जे उपलब्ध असेल ते. हा थर ५.१४ मध्ये आला, क्यूटी ६ मध्ये क्यूटी क्विकचं (ॲपचे पडदे रचणाऱ्या भागाचं) रेंडरिंग त्याच्यावरच चालू लागलं, पण बाहेरच्यांसाठी तो खासगी होता. सोर्स मात्र खुला. म्हणजे ‘वाचेल की’ म्हणणाऱ्यांची आदर्श परिस्थिती.

आता त्यातलं एक फंक्शन घ्या: क्लिप स्पेस करेक्शन मॅट्रिक्स परत देणारं. हेडरमध्ये एवढंच दिसतं की काही आर्ग्युमेंट न घेता चार-बाय-चारचा मॅट्रिक्स मिळतो. वल्कनच्या फाइलमध्ये गेलात तर सोळा आकडे दिसतात, त्यात एके ठिकाणी −१ आणि दोन ठिकाणी ०.५. ओपनजीएलच्या फाइलमध्ये गेलात तर नुसता आयडेंटिटी मॅट्रिक्स. कशासाठी? ज्याला आधीच माहीत आहे त्याला लगेच कळेल: ओपनजीएलमध्ये वाय अक्ष वर जातो आणि डेप्थ (खोली) −१ ते १ धरतात, वल्कनमध्ये वाय खाली जातो आणि डेप्थ ० ते १ असते. म्हणून आपला प्रोजेक्शन मॅट्रिक्स (थ्रीडी दृश्य पडद्यावर बसवणारा) ओपनजीएलच्या सवयीने तयार करायचा आणि त्याला डावीकडून हा मॅट्रिक्स गुणायचा. ज्याला हे माहीत नाही तो ओपनजीएलवर सगळं तपासून खूश होतो. वल्कनवर त्याचं चित्र उलटं येतं. डायरेक्टथ्रीडीवर तर सुलटंच येतं, फक्त कॅमेऱ्याच्या अगदी जवळचा भाग कापला जातो, आणि तो दोष आपल्या मॉडेलमध्ये आहे असं समजून गडी तीन दिवस मॉडेल तपासत बसतो. डॉक्युमेंटेशनची दोन वाक्यं हे वाचवतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ६.६ मध्ये क्यूटीने हा थर अर्धसार्वजनिक केला आणि त्याचं पूर्ण डॉक्युमेंटेशन प्रसिद्ध केलं. त्याच्या माथ्यावर स्पष्ट लिहिलं आहे की सोर्स किंवा बायनरी सुसंगतीची हमी नाही. ज्या क्यूटी आवृत्तीवर ॲप्लिकेशन बांधलं तिच्यावरच ते चालेल असं धरा. मोडणारे बदल कमीत कमी ठेवू आणि केलेच तर ६.७, ६.८ अशा आवृत्त्यांतच करू. लिंक करताना आजही खासगी मॉड्यूलचं नाव द्यावं लागतं. पहिल्या मुद्द्यातल्या भीतीलाही हे उत्तर आहे: डॉक्युमेंटेशन उघड, वचन मर्यादित, आणि मर्यादा कुठे ते शब्दांत.

आता फुकटच्या हमालीबद्दल. वर ज्या तथ्याचा उल्लेख केला ते इथे. प्रायोगिक इंटरफेसवर पंधरा भागांचं सुबक ट्यूटोरियल लिहू नये. ते जुनं होतं आणि जुनं झाल्यावर जास्त नुकसान करतं. वेबजीपीयू या वेबजीएलनंतरच्या ब्राउझर-इंटरफेसची शेडर भाषा (जीपीयूवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामांची भाषा) बघा. सुरुवातीला व्हर्टेक्स शेडरच्या डोक्यावर दुहेरी चौकटी कंसात ‘स्टेज’ लिहायचं, मग कंस जाऊन ॲटचं चिन्ह आलं, मग ‘स्टेज’ही गेलं आणि ॲटपुढे नुसतं ‘व्हर्टेक्स’ उरलं. पास संपवण्याच्या फंक्शनचं नाव बदललं, कॉम्प्युटसाठी डिस्पॅच करण्याचंही बदललं. मे २०२३ मध्ये क्रोम ११३ मधून वेबजीपीयू विंडोज, मॅक आणि क्रोमओएसवर मिळेपर्यंत त्याआधीची कितीतरी ट्यूटोरियल्स मोडीत निघाली होती, आणि ती अजून सर्चमध्ये सापडतात.

पण त्या काळात काय बदललं नाही तेही बघा. ॲडॅप्टर, त्याच्याकडून डिव्हाइस, डिव्हाइसची क्यू, पाइपलाइन, बाइंड ग्रुप ही मांडणी तीच राहिली. कुठली वस्तू कुणाच्या मालकीची, कधीपर्यंत जिवंत, कशाआधी काय बोलवायचं, चूक झाली तर ती कुठे कळते, हे नावांपेक्षा खूप सावकाश बदलतं. लिहायचं ते हेच. नावांची यादी यंत्राला करू द्या. वल्कनचं हेडर एका एक्सएमएल फाइलमधून तयार होतं आणि कुठलं एक्स्टेन्शन प्रोव्हिजनल आहे हेही त्याच फाइलमध्ये नोंदलेलं असतं, त्यामुळे खूण करायला कुणी विसरलं असं होत नाही.

‘स्थिर झाल्यावर लिहू’ याला फार जागा देत नाही. हे वरातीमागून घोडं आहे. प्रायोगिक अवस्था ठेवायची ती लोकांनी वापरून दोष सांगावेत म्हणून. वापरायचं कसं हेच न सांगता दोष कुठून येणार? जे येतात ते बहुतेक ‘माझ्याकडे काळा पडदा दिसतो’ अशा जातीचे. आणि स्थिर झाल्यावर लिहायला बसलेल्या माणसाला अमुक पर्याय का टाकून दिला हे आठवत नसतं. कधी कधी तो माणूसच कंपनी सोडून गेलेला असतो.

छोट्या टीमने काय करावं, असा प्रश्न येतोच. ख्रोनोससारखी समिती सगळ्यांकडे नसते, मान्य. हेडरच्या माथ्यावर एक टीप पुरते: हे काय करतं, चालू कसं करायचं, कुठल्या बॅकएंडवर (वल्कन, मेटल वगैरे) तपासलेलं नाही, मागच्या रिलीजपासून काय मोडलं, तक्रार कुठे करायची. कोड बदलणाऱ्या कमिटमध्येच (बदलाच्या नोंदीतच) ही टीप बदलायची. एवढंही होत नसेल तर ते हेडर रिलीजच्या पॅकेजमध्ये घालू नका, आपल्या ब्रँचवर राहू द्या.