हात खिशात ठेवा, काका

पोरगं स्काउटमध्ये गेलं की घरातल्या एका मोठ्या माणसाचा बळी जातो, हे आधी कोणी सांगत नाही. फॉर्मच्या तळाशी एक छोटासा चौकोन असतो, पालक मदतीला येऊ शकतील का म्हणून, आणि पोरगं शेजारी उभं राहून आपल्याकडेच बघत असतं त्यामुळे आपण तिथे टिक करतो. संपलं. मुलांबरोबर किमान दोन मोठी माणसं हवीतच, एकटा मोठा माणूस चालत नाही, असा नियम आहे, आणि तो चांगलाच आहे, फक्त त्यातली पहिली व्यक्ती म्हणजे सगळं शिकलेल्या, शिट्टीवाल्या ट्रूप लीडर मॅडम आणि दुसरी व्यक्ती म्हणजे मी, हे जरा जास्त झालं.

खरं सांगायचं तर मी मनातून खूश होतो. ऑफिसात आपलं कोणी ऐकत नाही, घरी तर प्रश्नच नाही, इथे निदान वीस-पंचवीस पोरं ऐकतील, तंबू कसा ठोकायचा ते दाखवू, चूल पेटवून देऊ, नकाशा वाचून दाखवू, आणि संध्याकाळी शेकोटीपाशी पोरं आपल्याभोवती गोल करून बसतील असं चित्र डोळ्यासमोर होतं. शिबिराला निघायच्या आधी मॅडमनी बाजूला घेतलं. म्हणाल्या, "तुम्हाला एकच काम आहे. दोन्ही हात खिशात ठेवायचे." मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"आणि तोंड?" मी विचारलं.

"जिवावर बेतत असेल तर उघडायचं."

नंतर कळलं की हा मॅडमचा खडूसपणा नाही, स्काउटिंगचा सगळा डोलाराच त्यावर उभा आहे. सहा ते आठ पोरांचा एक पेट्रोल, म्हणजे टोळी, त्याचा लीडर पोरांमधलाच एक, आणि त्या पेट्रोलने काय करायचं, कोणी करायचं, कसं करायचं हे त्या लीडरने ठरवायचं. स्काउटिंग सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल साहेबांनी 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर भरवलं तेव्हाच हे केलं होतं, वीसेक पोरं, काही महागड्या शाळांतली आणि काही कामकरी घरांतली, त्यांचे चार पेट्रोल पाडले आणि प्रत्येकातल्या एका मोठ्या पोरावर जबाबदारी टाकून दिली. त्याच्याही आधी बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफेकिंगला साहेब असताना 217 दिवस वेढा पडला होता, तिथे निरोप पोचवायच्या कामाला पोरांची तुकडी लावली होती, आधी गाढवांवरून आणि मग सायकलींवरून, आणि पोरांनी ते काम चोख केलं. ते साहेबांच्या डोक्यात पक्कं बसलं. तिथे पालक-मदतनीस नव्हते हे उघड आहे, असते तर गाढवावर कुठल्या बाजूने चढायचं यावरच 217 दिवस गेले असते.

आता माझ्या वाट्याला आलेला पेट्रोल. लीडर तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी, आवाज बारीक पण बोलली की सगळे हलायचे, तिला मी मनातल्या मनात लीडरबाई म्हणायला लागलो. मी हात पुढे केला तर म्हणाली, "काका, डावा." स्काउट लोक डाव्या हाताने हस्तांदोलन करतात, हे मला पोराने घरी सांगितलं होतं म्हणे. मी उजवा खिशात आणि डावा बाहेर अशा अवस्थेत पहिला अर्धा तास काढला.

तंबूसाठी पोरांनी जागा निवडली ती बघूनच माझ्या पोटात गोळा आला. छान, मऊ, सपाट, आणि आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर खोल. म्हणजे पाऊस आला की सगळं पाणी थेट अंथरुणात. मी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी माझ्या खिशांकडे बघितलं. मग सुरू झालं ठोकाठोकीचं. खुंटी कशी हवी, तर डोकं तंबूपासून लांब कललेलं आणि टोक तंबूकडे, म्हणजे दोरीची ओढ बसली तरी ती उपटून येत नाही. इथे एक बुटका पोरगा खुंट्या अगदी सरळ उभ्या ठोकत होता, एवढ्या निष्ठेने की बोलवत नव्हतं, आणि दुसरा दोन दोऱ्या जोडताना तोंडाने "उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर" असं म्हणत होता आणि हाताने दोन्ही वेळा उजवंच वर घेत होता. बांधायची रीफ नॉट नावाची पक्की गाठ, होते ग्रॅनी. दिसायला जवळजवळ तीच, ओढ बसली की सरकते. आपल्याला दिसतंय की ती सरकणार, आपल्याला ती सोडून परत बांधायला दहा सेकंद लागतील, आणि आपण उभे, खिशात मुठी आवळून. हा छळ ज्याने भोगला नाही त्याला कळणार नाही. मला खिशात एक जुनं तिकीट सापडलं, त्याचा मी भुगा केला.

तंबू उभा राहिला. तिघं आत शिरून हातपाय ताणून बघायला लागले आणि तो सावकाश, अगदी मान देऊन, एका अंगाला बसला. आतून हसण्याचे आवाज. लीडरबाई कोणाला ओरडली नाही, गाठीपाशी गेली, बघितलं, म्हणाली, "ग्रॅनी झालीय. चला परत." एवढंच. मी असतो तर यावर वीस मिनिटांचं व्याख्यान झालं असतं. तेवढ्यात एक पोरगा, जो इतका वेळ काहीच करत नव्हता, त्याने बाटलीतलं पाणी जमिनीवर ओतलं आणि उकिडवा बसून बघत राहिला. प्यायचं पाणी असं वाया घालवतोय म्हणून माझी मूठ खिशातून अर्धी बाहेर आलीच होती. पाणी वाहत वाहत तंबूच्या जागेकडे गेलं आणि तिथे साचलं. "ए, इथे नको," तो म्हणाला, आणि सगळ्यांनी तंबू उचलून वरच्या अंगाला नेला. यावेळी खुंट्याही तिरक्या, कारण शेजारच्या पेट्रोलच्या तिरक्या होत्या आणि त्यांचा तंबू उभा होता.

संध्याकाळी तोच बुटका एकेक दोरी सैल करत फिरताना दिसला. आता मात्र राहवलं नाही, मी खाकरलो. त्याने वर बघितलं आणि माझी कीव आल्यासारखं सांगितलं, "काका, सुती दोरी आहे, रात्री दवाने भिजली की आखडते, मग खुंटी उपटते." परत कामाला लागला. मी उगाच आकाशाकडे बघत तिथून सटकलो.

स्वयंपाकाचा प्रकार मात्र मी विसरणार नाही. उघड्या जाळावर भांडं ठेवायचं असेल तर त्याला आधी बाहेरून साबण चोपडतात, म्हणजे धरलेली काजळी धुताना साबणाबरोबर निघून जाते, घासत बसावं लागत नाही. उत्तम युक्ती आहे. ज्याच्याकडे हे काम होतं तो मन लावून काम करणारा होता, त्याने बाहेरून चोपडला आणि साबण उरला म्हणून आतूनही चोपडला. मी हे डोळ्यांनी बघितलं. इकडे बाकीच्यांनी जाळ बरा धरवला होता, आधी सुका काडीकचरा, मग पेन्सिलीएवढ्या काटक्या, मग लाकडं, फुंकून फुंकून डोळे लाल केले होते, आणि आता त्या भांड्यात पाणी आणि बटाटे पडणार. साबणाचा बटाटा जिवावर बेततो का? मी धावत मॅडमकडे गेलो आणि कुजबुजत हीच शंका विचारली. त्या शांतपणे उठल्या, चुलीपाशी गेल्या आणि लीडरबाईला म्हणाल्या, "भांड्यात काही वेगळं दिसतंय का बघ." तोवर फेस काठापर्यंत आला होता. सगळा पेट्रोल वाकून बघतोय, कोणी बोलेना, आणि मग आतून साबण लावणारा स्वतःच म्हणाला, "एवढे स्वच्छ बटाटे आपण कधी खाल्ले नसतील." ते पाणी फेकलं, बटाटे धुतले, परत धुतले, आणि जेवण व्हायला एवढी रात्र झाली की कच्चं आहे का पक्कं हे कोणाला दिसलंच नाही.

शेकोटीचं काय सांगायचं, गाणी बेसूर, नाटुकल्यांमध्ये कोणालाही शेवट आठवत नाही, आणि तरी सगळे पोट धरून हसतात. मी पण हसलो. झोप लागली नाही, तंबूत कोणीतरी रात्रभर टॉर्च शोधत होतं.

या टॉर्चचं एक कोडं आहे. सामानाच्या यादीत सगळ्यात वर ठळक लिहिलेलं असतं की बॅग मुलाने स्वतः भरावी. ती कोण भरतं हे मी सांगायची गरज नाही. कपड्यांच्या घट्ट गुंडाळ्या, प्रत्येक दिवसाची वेगळी पिशवी, प्रत्येक वस्तूवर मार्करने नाव, काय सुंदर भरलेली असते, फक्त ती ज्याच्या पाठीवर असते त्याला आत काय आहे याचा पत्ता नसतो. रात्री टॉर्चसाठी हात घातला की दर वेळी टॉवेलच लागतो. टॉर्च कुठे आहे हे जगात एकाच व्यक्तीला माहीत असतं आणि ती घरी गाढ झोपलेली असते.

सकाळी उठलो तर माझे बूट ओले. स्काउटने रोज एक तरी सत्कृत्य करायचं असतं, आणि ते सकाळी सकाळीच उरकून टाकलं की दिवस मोकळा असा पोरांचा हिशोब, त्यामुळे तिघांनी वेगवेगळं येऊन माझे बूट साफ केले होते, त्यातल्या एकाने पाण्याने. आतूनही. आतून साफ करणारा कोण हे मी विचारलं नाही, अंदाज होता.

अशा बुटांत हाईक. पुढे पोरं, मागे बऱ्याच अंतरावर मी, कारण जवळ गेलो की माझ्या चेहऱ्यावरून त्यांना उत्तर कळतं म्हणे. नकाशा होकायंत्राप्रमाणे फिरवून जमिनीशी जुळवायचा, दिशा धरायची आणि पावलं मोजत जायचं. मोजायला एक वेगळा पोरगा नेमला होता. तो चांगला तीनशेच्या पुढे गेला आणि कोणीतरी त्याला विचारलं, "कितीपर्यंत आलास?" तो सांगायला थांबला आणि विसरला. पूर्ण पेट्रोल मागे फिरला, माझ्या बाजूने परत गेला, आणि मीही मुकाट मागे फिरलो, टाचेला फोड आलेला. त्यात होकायंत्र धरणारा पोरगा दुसऱ्या हातात लोखंडी डबा घेऊन चालत होता आणि सुई प्रामाणिकपणे डब्याकडे वळत होती, त्यामुळे उत्तर दिशा त्याच्याबरोबर फिरत होती. माझ्या खिशात फोन, फोनवर नकाशा, नकाशावर आम्ही कुठे आहोत त्याचा निळा ठिपका. मी फोनला खिशातल्या खिशात कुरवाळलं आणि सोडून दिलं. शेवटी लीडरबाईने डबा काढून घेतला. का काढून घेतला ते तिने सांगितलं नाही, पण सुई जागेवर आली.

वाटेत पुढच्या पेट्रोलने दगडांनी खुणा करून ठेवल्या होत्या. बाण म्हणजे इकडे, फुली म्हणजे इकडे नाही, आणि वर्तुळात टिंब म्हणजे मी घरी गेलो. केनियात न्येरीला बेडन-पॉवेल साहेबांच्या थडग्याच्या दगडावर हीच खूण कोरलेली आहे. तर अर्ध्या वाटेवर, मधोमध, हे वर्तुळ आणि टिंब. आमचा पेट्रोल त्याच्याभोवती उभा राहिला. एकाचं म्हणणं, ते घरी गेले तर आपणही जाऊ. दुसरा म्हणाला, त्यांच्या बॅगा कॅम्पवर आहेत, घरी कसे जातील. तिसरा जरा घाबरलाच. मी लांब एका दगडावर बसून बूट काढला आणि मनापासून पहिल्याच्या बाजूने होतो. बऱ्याच चर्चेनंतर ठरलं की पुढे बाण आहे का बघायचं, आणि बाण होता. वर्तुळ काढणाऱ्याला संध्याकाळी गाठलं तेव्हा त्याने सांगितलं, बाण काढून कंटाळा आला होता.

शेवटच्या दिवशी तंबू उतरवल्यावर मैदानावर वस्तूंचा ढीग लागतो, कोणाच्याच नसलेल्या. एक मोजा, एक चमचा, अर्धा रेनकोट. मॅडम एकेक वस्तू उंच धरतात आणि विचारतात, आणि सगळी पोरं निर्विकार. पालक घ्यायला आलेले, आपापल्या घरच्या वस्तू ओळखून कसनुसे झालेले. एक निळा टॉवेल वर आला. मला तो लांबूनच ओळखू आला, कोपऱ्यावर मार्करने माझ्याच अक्षरात माझ्या पोराचं पूर्ण नाव.

"तुझा ना रे?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"अरे, नाव तुझंच आहे."

त्याने टॉवेल हातात घेतला, नाव वाचलं, उलटा करून बघितला. "नाव माझंच आहे," तो म्हणाला, "पण टॉवेल माझा नाहीये."