फेज निवडायला संगणक पुरेसा आहे का?

जीवाणूंना संसर्ग करणाऱ्या विषाणूंना फेज म्हणतात. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंची चिंता वाढत गेली, तसा या फेजविषयीचा एक दावा सगळीकडे फिरू लागला आहे. त्याचा आशय असा: कृत्रिम बुद्धिमत्तेने 2025 मध्ये जीवाणू मारणारा विषाणू स्वतःच तयार केला, आता रुग्णाच्या जंतूचा जनुकक्रम संगणकाला दिला की नेमका फेज मिळतो, त्यामुळे प्लेटवर जंतू वाढवत बसण्याची गरज उरलेली नाही आणि प्रतिजैविकांचे दिवसही भरले आहेत. या प्रत्येक विधानाच्या मुळाशी खरे संशोधन आहे. म्हणूनच दावा सहज पटतो, आणि म्हणूनच तो एकेक विधान घेऊन तपासायला हवा.

‘कृत्रिम बुद्धिमत्तेने विषाणू स्वतःच तयार केला.’ अमेरिकेतील आर्क इन्स्टिट्यूट आणि स्टॅनफर्ड विद्यापीठ येथील संशोधकांनी ‘इव्हो’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपाकडून फेजचे संपूर्ण जनुकसंच लिहून घेतले, हे खरे आहे. मात्र साचा म्हणून त्यांनी फाय-एक्स-174 हा फेज घेतला होता. त्याच्या डीएनएमध्ये अवघी 5,386 अक्षरे आहेत, आणि त्याचा क्रम फ्रेडरिक सँगर यांच्या गटाने 1977 मध्येच प्रसिद्ध केला होता. जीवशास्त्राला इतका ओळखीचा फेज क्वचितच सापडेल. संगणकावरच्या सगळ्या चाळण्या पार केलेल्या सुमारे 300 आराखड्यांचा डीएनए प्रत्यक्षात बनवून ई. कोलाय जीवाणूंमध्ये घालण्यात आला आणि त्यातून 16 जिवंत फेज मिळाले. हे यश मोठे आहे आणि ते कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण त्या 300 मधले हे 16 कोणते, हे प्रारूपाला आधी सांगता आले नव्हते. ते जीवाणूंची वाढ खुंटलेली दिसली तेव्हा कळले. याच बातमीला ‘आता माणसांना मारणारे विषाणूही’ अशी पुरवणी जोडणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की फाय-एक्स-174 माणसाच्या पेशींना संसर्ग करत नाही, आणि मानवी विषाणूंचे जनुकक्रम या प्रारूपाच्या प्रशिक्षणातून जाणीवपूर्वक वगळलेले होते.

‘जनुकक्रम दिला की नेमका फेज मिळतो.’ संगणक हे कसे ओळखतो, ते आधी पाहू. अनेक जीवाणू आपल्यावर हल्ला केलेल्या फेजच्या डीएनएचे लहान तुकडे स्वतःच्या डीएनएमध्ये, क्रिस्पर नावाच्या पट्ट्यात, जपून ठेवतात. असा तुकडा एखाद्या फेजशी जुळला, तर त्या दोघांची कधीतरी गाठ पडली होती, असा कयास बांधता येतो. शिवाय फेज आपल्या यजमानाच्या, म्हणजे ज्यात तो वाढतो त्या जीवाणूच्या, डीएनएच्या लेखनशैलीची सवय उचलतो, म्हणजे चार-सहा अक्षरांचे गट साधारण त्याच प्रमाणात वापरतो. तीही खूण मोजता येते. या खुणांच्या आधारे जीवाणूची प्रजाती, निदान कूळ, बऱ्याचदा बरोबर ओळखता येते.

याचे उत्तम उदाहरण क्रॅसफेज हे आहे. 2014 मध्ये संशोधकांनी माणसांच्या विष्ठेतील डीएनएची साठवलेली माहिती संगणकावर एकत्र जोडली आणि त्यातून सुमारे 97 हजार अक्षरांचा एक अज्ञात फेज जुळवला. तो जगभरातल्या माणसांच्या आतड्यांत मुबलक होता, तरी तोवर कोणाच्याही नजरेस पडला नव्हता. त्याचा यजमान बॅक्टेरॉइडीस हा जीवाणू असावा, असे भाकीत त्याच वेळी करण्यात आले. पुढे 2018 मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथील संशोधकांनी त्याच कुळातला एक फेज बॅक्टेरॉइडीस इंटेस्टिनॅलिस या जीवाणूवर प्रथमच वाढवून दाखवला आणि भाकीत खरे ठरले. पण त्याच प्रयोगात असेही दिसले की आगरवर, म्हणजे जीवाणू वाढवण्याच्या जेलीवर, हा फेज जीवाणूंच्या थरात स्वच्छ खळगे पाडतो, आणि द्रव माध्यमात मात्र भरपूर वाढूनही जीवाणूंची दाटी कमी होऊ देत नाही. एकाच जोडीचे हे दोन वेगळे संसार जनुकक्रमावरून कोणीही वर्तवले नव्हते, आणि उपचाराच्या दृष्टीने नेमकी हीच माहिती निर्णायक असते.

रुग्णाच्या बाबतीत प्रश्न प्रजातीचा नसतोच. तो त्या रुग्णातल्या विशिष्ट स्ट्रेनचा, म्हणजे प्रजातीतल्या नेमक्या वाणाचा, असतो. फ्रान्समधील संशोधकांनी 2024 मध्ये ई. कोलाय आणि त्याच्या निकटच्या 403 स्ट्रेनसमोर 96 फेज ठेवून पाहिले, म्हणजे 38 हजारांहून अधिक जोड्या तपासल्या. कोणती जोडी जुळेल हे ठरवण्यात जीवाणूच्या पृष्ठभागावरच्या, फेजला चिकटायला लागणाऱ्या रेणूंचा वाटा सर्वांत मोठा निघाला, आणि त्यावर बेतलेले प्रारूप बऱ्यापैकी अचूक ठरले. पण ते प्रारूप या हजारो प्रत्यक्ष प्रयोगांच्या नोंदींवरच उभे आहे. शिवाय या खुणा किती निसटत्या असतात, हे लॅम्डा फेजने 2012 मध्येच दाखवून दिले होते: शेपटीच्या टोकाच्या प्रथिनात चार बदल होताच त्याने नेहमीचा ग्राही रेणू सोडून दुसऱ्याच रेणूवरून जीवाणूत प्रवेश मिळवला. जवळपास 48,500 अक्षरांच्या जनुकसंचात चार बदल म्हणजे एरवी नजरेआड होणारा फरक.

‘प्लेटवर जंतू वाढवण्याची गरज उरलेली नाही.’ ही चाचणी पाहिलेली नसल्यामुळेच ती जुनाट वाटते. कोमट, पातळ आगरमध्ये रुग्णाचा जीवाणू मिसळून तो प्लेटवर ओततात, त्यावर फेजचे दहा-दहा पटींनी विरळ केलेले थेंब ठेवतात आणि प्लेट रात्रभर उबेला राहते. सकाळी जीवाणूंच्या धुरकट थरात थेंबांच्या जागी स्वच्छ वर्तुळे दिसली, तरी काम संपत नाही. दाट थेंबाखाली जीवाणू फेजच्या नुसत्या गर्दीनेही फुटू शकतात. विरळ थेंबात सुटे सुटे खळगे दिसले तरच फेज खरोखर वाढतो आहे, असे म्हणता येते.

लंडनमध्ये 15 वर्षांच्या एका मुलीला फुप्फुस-प्रत्यारोपणानंतर मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस या जीवाणूचा संसर्ग झाला होता. तिच्यावरच्या फेज उपचाराचा वृत्तान्त 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. पिट्सबर्ग येथील ग्रॅहम हॅटफुल यांच्याकडे 10 हजारांहून अधिक फेजचा संग्रह होता, तरी तिच्या जीवाणूला मारणारे फेज शोधण्यासाठी प्रत्यक्ष चाचण्याच कराव्या लागल्या. निवडलेल्या तीन फेजपैकी चांगला उपयोगी पडलेला ‘मडी’ हा फेज दक्षिण आफ्रिकेतल्या एका सडलेल्या वांग्यावर सापडलेला होता. उरलेल्या दोघांमधून त्यांना जीवाणूत निपचित राहू देणारे जनुक काढून टाकावे लागले, आणि ते जनुक कोणते हे जनुकक्रमाच्या अभ्यासामुळेच ठाऊक होते. मुलीच्या प्रकृतीत लक्षणीय सुधारणा झाली. इथे संगणक आणि प्लेट यांतले एकही वगळता आले नसते.

‘प्रतिजैविकांचे दिवस भरले.’ आतापर्यंतच्या बहुतेक फेज उपचारांत प्रतिजैविके सोबत चालूच होती. स्युडोमोनास जीवाणूवरचा ओएमकेओ-1 हा फेज तर प्रतिजैविक बाहेर फेकणाऱ्या पंपाच्याच एका प्रथिनाला चिकटतो. फेजपासून वाचण्यासाठी जीवाणूने तो पंप बदलला की प्रतिजैविक पुन्हा लागू पडू लागते. म्हणजे इथे फेजचा उपयोग प्रतिजैविकाची धार परत आणण्यासाठी होतो. भाजलेल्या रुग्णांच्या जखमांतील याच जीवाणूविरुद्ध फ्रान्स आणि बेल्जियममध्ये ‘फॅगोबर्न’ ही चाचणी झाली. तिच्यात फेजचे मिश्रण सिल्व्हर सल्फाडायझिन या नेहमीच्या मलमापेक्षा कमी प्रभावी ठरले आणि चाचणी आधीच थांबवावी लागली. मिश्रण साठवणीत क्षीण झाले होते: एका मिलिलिटरमध्ये 10 लाख जिवंत फेज द्यायचे ठरले असताना रुग्णांना 10 ते 100 इतकेच मिळाले. निकामी झालेल्या फेजचा डीएनए शाबूत असू शकतो आणि त्याचा क्रम तसाच बिनचूक वाचता येतो. बाटलीत जिवंत किती उरले, हे प्लेटवरचे खळगे मोजूनच कळते.